आचार्य जगदीशचंद्र बोस : सूक्ष्मलहरींचे आद्य उपासक

पूर्व बंगालमधील फरीदपूर या गावी, १८६० नंतरच्या काही वर्षांत, मुलांना शिकवण्याच्या दोन वाटा होत्या. एक इंग्रजी शाळेची आणि दुसरी बंगाली पाठशाळेची. ज्यांच्या घरी चार पैसे होते, ज्यांना सरकारदरबारी मुलांची सोय लावायची होती, ते इंग्रजी शाळेची वाट धरीत. कचेरीतले कारकूनसुद्धा आपली मुले तिकडेच पाठवीत. पण त्या कचेरीचे प्रमुख, गावचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट भगवानचंद्र बोस यांनी आपल्या पाच वर्षांच्या मुलाला बंगाली पाठशाळेत घातले. हाताखालच्या माणसांना आश्चर्य वाटले असेल, कदाचित कुचेष्टाही झाली असेल. भगवानचंद्रांचा विचार मात्र पक्का होता. मुलाला आधी आपली भाषा यावी, आपली माणसे कळावीत, आणि आपण इतरांपेक्षा कोणी वेगळे आहोत ही भावना त्याच्या मनाला शिवू नये, एवढेच त्यांना हवे होते.

त्या पाठशाळेत जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराश्याचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा. नदीच्या तळाशी कोणते मासे राहतात, कोणता पक्षी कुठे घरटे बांधतो, या गोष्टी त्याने या दोघांकडून ऐकल्या. निसर्गाविषयीचे आपले पुढचे सारे कुतूहल या बैठकीत रुजले, असे जगदीशचंद्र उतारवयातही आवर्जून सांगत. शाळा सुटल्यावर हे मित्र घरी आले की त्यांची आई बामासुंदरीदेवी सर्वांना सारखेच खाऊपिऊ घालीत. त्या जुन्या वळणाच्या, धर्मनिष्ठ गृहिणी होत्या. तरीही मुलाच्या मित्रांत त्यांनी उच्चनीच पाहिले नाही.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग येथे झाला. बोस घराण्याचे मूळ गाव विक्रमपूर परगण्यातील राडीखाल. हे सर्व प्रदेश आज बांगलादेशात आहेत. वडील ब्राह्मसमाजाचे अनुयायी होते आणि त्यांचा स्वभाव विलक्षणच म्हणावा लागेल. ज्या दरोडेखोराला त्यांनी स्वतः तुरुंगात धाडले, तोच शिक्षा भोगून परत आला आणि पोटापाण्यासाठी दाराशी उभा राहिला, तेव्हा त्यांनी त्याला कामावर ठेवले आणि लहानग्या जगदीशला शाळेत नेण्या-आणण्याचे काम सोपवले. त्याच्याकडून जुन्या चढायांच्या गोष्टी ऐकत जगदीश शाळेला जाई. जत्रेत पाहिलेल्या महाभारताच्या खेळांचेही त्याला वेड होते. त्या कथांत त्याला अर्जुनापेक्षा कर्ण अधिक जवळचा वाटला. जन्मभर डावलला गेलेला, हरूनही न वाकलेला हा वीर त्याच्या मनात कायमचा ठाण मांडून बसला. पुढील आयुष्य पाहता ही निवड सहज झालेली वाटत नाही.

भगवानचंद्रांनी लोकांसाठी अनेक उद्योग आरंभले. दुष्काळ आणि साथीत पोरक्या झालेल्या मुलांसाठी बर्दवानला कार्यशाळा काढली, शेती आणि चहाच्या मळ्यात पैसा घातला, आणि त्यातील बरेचसे बुडाले. घरावर कर्ज झाले. पण त्याच कार्यशाळेत सुतार-लोहारांच्या शेजारी बसून जगदीशचे हात हत्याराला सरावले. हा वारसा किती मोलाचा होता, ते पुढे दिसून आले.

१८६९ साली मुलाला कलकत्त्यास आणले गेले. आधी काही काळ हेअर स्कूल आणि नंतर सेंट झेवियर्स. तेथील बहुतेक मुले इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील होती. खेड्यातून आलेल्या, इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या या मुलाची सुरुवातीला बरीच थट्टा झाली. तो वसतिगृहाच्या कोपऱ्यात प्राणी पाळी, छोटी बाग करी. भाषेची अडचण वर्ष-दोन वर्षांत मागे पडली. मातृभाषेत पाया घातलेल्या मुलाचे पुढे कसे होईल, ही चिंता आजच्याप्रमाणे तेव्हाही अनेक पालकांना होती. या मुलाच्या बाबतीत तिचे उत्तर काळाने दिले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर लाफों यांच्यासारखे गुरू लाभले. पदार्थविज्ञान फळ्यावर सांगून न थांबता ते टेबलावर करून दाखवीत. जगदीशचंद्रांच्या अध्यापनाचा साचा तेथे घडला.

पदवीनंतर त्यांच्या मनात विलायतेला जाऊन आय.सी.एस. व्हावे असे होते. स्वतः सरकारी अधिकारी असलेल्या वडिलांनी त्याला नकार दिला. मुलाने दुसऱ्यांवर अधिकार गाजवण्यापेक्षा विद्वान व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. अखेर वैद्यकशास्त्र ठरले. पैशाचा प्रश्न होता. धाकटा मुलगा गमावलेल्या आईचा आधी समुद्रप्रवासाला विरोध होता, पण शेवटी त्याच माउलीने आपले दागिने पुढे केले. १८८० साली जगदीशचंद्र लंडनला पोहोचले ते अंगात ताप घेऊनच. शवविच्छेदनाच्या खोलीतील उग्र वासाने तो ताप बळावत गेला आणि वर्षभरात वैद्यकाचा नाद सोडावा लागला. तेथून ते केंब्रिजच्या क्राइस्ट कॉलेजात गेले. लॉर्ड रॅले यांच्याकडे पदार्थविज्ञान, तर सिडनी व्हाइन्स आणि फ्रान्सिस डार्विन यांच्याकडे वनस्पतिशास्त्र शिकले. १८८४ साली केंब्रिजची निसर्गविज्ञानाची ट्रायपॉस आणि लंडनची बी.एस्सी. अशा दोन्ही परीक्षा उत्तीर्ण होऊन ते स्वदेशी परतले.

१८८५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांची पदार्थविज्ञानाचे हंगामी प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. तीही व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या शब्दामुळे. शिक्षणखात्यातील वरिष्ठांना, भारतीय माणूस विज्ञान नेमकेपणाने शिकवू शकेल हेच मान्य नव्हते. वेतनाचा नियम असा की युरोपीय प्राध्यापकाला जे मिळे त्याच्या दोन-तृतीयांश भारतीयाला, आणि नेमणूक हंगामी असल्यास त्याच्याही निम्मे. म्हणजे शेजारच्या वर्गात तोच विषय शिकवणाऱ्या माणसाच्या एक-तृतीयांश वेतन.

जगदीशचंद्रांनी नोकरी सोडली नाही, अर्जविनंत्यांचा रतीब घातला नाही आणि वर्गातील कामात कुचराईही केली नाही. त्यांनी वेतन घेणेच नाकारले. महिन्यामागून महिना ते शिकवत राहिले आणि पगाराला हात लावीनात. असे एक-दोन महिने नव्हे, तीन वर्षे चालले. घरावर वडिलांचे कर्ज होते. १८८७ साली त्यांचा विवाह झाला तोही याच बिनपगारी काळात. वधू अबला दास या दुर्गामोहन दास यांच्या कन्या. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात त्या वेळी मुलींना प्रवेश नव्हता म्हणून मद्रासला जाऊन वैद्यक शिकलेल्या, पण प्रकृतीमुळे पदवी पुरी करू न शकलेल्या या मुलीने बिनपगारी प्राध्यापकाचा संसार न कुरकुरता चालवला. शेवटी अधिकाऱ्यांनाच माघार घ्यावी लागली. नेमणूक कायम झाली आणि तीन वर्षांचे पूर्ण वेतन, पहिल्या दिवसापासूनचे, एकरकमी हाती आले. ते वडिलांच्या कर्जफेडीत गेले. शिक्षकाच्या पेशात स्वाभिमान आणि कर्तव्य यांची एवढी स्वच्छ सांगड क्वचितच पाहायला मिळते.

नेमणूक पक्की झाली तरी संशोधनाला जागा, पैसा आणि वेळ यांतले काहीच नव्हते. अध्यापनाचे तास भरपूर होते, आणि प्राध्यापकाने संशोधन करावे ही अपेक्षाच त्या काळच्या कॉलेजात नव्हती. ३० नोव्हेंबर १८९४ रोजी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, जगदीशचंद्रांनी उरलेले आयुष्य नव्या ज्ञानाच्या शोधाला वाहण्याचा निश्चय केला. आज एवढ्या वयात संशोधनाचा आरंभ म्हणजे उशीरच समजला जाईल. प्रयोगशाळा म्हणून मिळाली ती स्नानगृहालगतची एक चिंचोळी खोली. मदतीला एक देशी पत्रे-कारागीर होता. विज्ञानाशी त्याचा संबंध नव्हता, पण सांगितलेली वस्तू घडवण्याचे कसब त्याच्या हातात होते. बर्दवानच्या कार्यशाळेत हत्यारे हाताळलेला प्राध्यापक आणि हा कारागीर, या दोघांनी मिळून जी उपकरणे घडवली ती पाहून पुढे युरोपातील शास्त्रज्ञ चकित झाले.

ते नेमके काय करीत होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. विद्युत आणि चुंबकत्व यांच्या आंदोलनांतून लहरी निर्माण होतात आणि प्रकाश हाही त्याच जातीचा आहे, असे जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी गणिताने दाखवले होते. १८८७-८८ च्या सुमारास जर्मनीत हाइनरिक हर्ट्झ यांनी अशा लहरी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष निर्माण केल्या. परंतु प्रकाशाशी तुलना करण्याच्या प्रयोगांत त्यांनी वापरलेल्या लहरींची लांबी सुमारे ६६ सेंटिमीटर होती. एवढ्या लांब लहरींचे वक्रीभवन दाखवायचे तर लोलकही तसाच प्रचंड हवा. हर्ट्झ यांनी डांबराचा ओतलेला लोलक सुमारे सहाशे किलो वजनाचा होता. लहरी खोलीत सर्वत्र पसरत, भिंतींवरून परत येत आणि मोजमाप बिघडवत. १८९४ च्या आरंभी अवघ्या छत्तिसाव्या वर्षी हर्ट्झ यांचे निधन झाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी त्यांच्या कार्यावर व्याख्यान दिले आणि ते छापले गेले. ते वाचून जगदीशचंद्रांचे लक्ष या विषयाकडे ओढले गेले, असे मानले जाते.

त्यांनी केलेला विचार आता अगदी सरळ वाटतो. लहरी जर प्रकाशाच्या जातीच्या असतील, तर त्यांची लांबी जितकी कमी करावी तितके त्यांचे वर्तन प्रकाशासारखे दिसेल आणि उपकरणेही टेबलावर मावतील. त्यांनी प्लॅटिनमच्या लहानशा गोळ्यांमध्ये ठिणगी पाडून अडीच सेंटिमीटरपासून पाच मिलिमीटरपर्यंतच्या लहरी निर्माण केल्या. पाच मिलिमीटर लांबी म्हणजे दर सेकंदाला साठ अब्ज आंदोलने. आजच्या भाषेत साठ गिगाहर्ट्झ. जगात इतर संशोधक लहरी अधिकाधिक लांब करून दूर पाठवण्याच्या मागे लागले असताना कलकत्त्याच्या त्या खोलीत नेमकी उलटी दिशा धरली गेली.

उपकरणांची यादी वाचताना मौज वाटते. लहरींना वळवण्यासाठी आणि एकत्र आणण्यासाठी त्यांनी गंधकाचे लोलक आणि भिंगे केली. लहरी इकडेतिकडे पांगू नयेत म्हणून त्या धातूच्या गोल व चौकोनी नळ्यांतून सोडल्या. हेच पुढे वेव्हगाइड म्हणून ओळखले गेले. लहरी गोळा करण्यासाठी नळीच्या तोंडाशी नरसाळे बसवले. आज प्रत्येक सूक्ष्मलहरी प्रयोगशाळेत दिसणारा हॉर्न अँटेना तो हाच. ध्रुवीकरण दाखवण्यासाठी त्यांनी ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक घेतले आणि त्याच्या पानापानांत कथलाचा पातळ वर्ख घातला. धातूच्या समांतर थरांतून एका दिशेने कंप पावणाऱ्या लहरी पार होत आणि पुस्तक आडवे फिरवले की अडत. साखरेच्या द्रावणातून जाताना प्रकाशाची कंपनदिशा फिरते, तसे या लहरींचे होते का, हे पाहण्यासाठी त्यांनी बंगालच्या शेतात पिकणारा ताग घेतला, त्याच्या जुड्यांना काहींना उजवा तर काहींना डावा पीळ दिला, आणि पिळाच्या दिशेप्रमाणे लहरींची कंपनदिशा फिरते हे दाखवून दिले. गंधक, ताग, वेळापत्रक, लोखंडी स्प्रिंगा. पैशाच्या अभावाचे एवढे सुंदर उत्तर विज्ञानाच्या इतिहासात थोड्याच ठिकाणी सापडेल.

लहरी टिपणारे साधन ही सर्वांत कठीण गोष्ट होती. युरोपात धातूचा कीस भरलेली नळी वापरीत. लहर आली की कीस एकमेकांना चिकटे आणि वीज वाहू लागे, पण पुढची लहर टिपण्यासाठी नळीवर दर वेळी टिचकी मारून कीस मोकळा करावा लागे. बंगालच्या दमट हवेत तो गंजूनही जाई. जगदीशचंद्रांनी किसाऐवजी बारीक पोलादी स्प्रिंगा शेजारी शेजारी दाबून बसवल्या, गंजू नयेत म्हणून त्यांवर कोबाल्टचा मुलामा दिला, आणि दाब व विजेचा दाब यांची जुळणी करून ग्राहक हवा तितका संवेदनशील केला.

१८९५ च्या मे महिन्यात त्यांचा पहिला शोधनिबंध बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे वाचला गेला. त्याच वर्षी लॉर्ड रॅले यांच्यामार्फत दुसरा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेला. कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. लहरी एका खोलीतून निघाल्या, मधल्या भिंतींतून आणि अध्यक्षस्थानी असलेल्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या भारदस्त देहातून पार गेल्या, आणि सुमारे पंचाहत्तर फुटांवर घंटा वाजली, पिस्तुलाचा बार उडाला, बंदुकीच्या दारूने पेट घेतला. तारेविना संदेश जातो हे कलकत्त्याच्या नागरिकांनी डोळ्यांनी पाहिले तेव्हा मार्कोनी इंग्लंडला पोहोचलेही नव्हते.

पुढील वर्षी लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली आणि सरकारनेच त्यांना युरोपला धाडले. सप्टेंबर १८९६ मध्ये लिव्हरपूल येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे त्यांनी प्रयोग करून दाखवले. प्रयोग संपताच वृद्ध लॉर्ड केल्व्हिन लंगडत लंगडत स्त्रियांच्या सज्जापर्यंत चढून गेले आणि अबलाबाईंचे अभिनंदन करून आले. २९ जानेवारी १८९७ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनचे शुक्रवारचे व्याख्यान त्यांनी दिले. याच सभागृहात फॅरडे बोलले होते. केल्व्हिन आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी, प्रेसिडेन्सी कॉलेजात सुसज्ज प्रयोगशाळा उभारावी अशी शिफारस भारतसचिवांकडे केली. ती कागदावरून जमिनीवर उतरायला कित्येक वर्षे लागली. सरकारी शिफारशींची चाल तेव्हाही अशीच होती.

या काळातील त्यांचा एक प्रयोग बाहेरून साधा दिसतो, पण त्याची मुळे फार खोल गेली. काचेच्या लोलकात आत शिरलेली लहर विशिष्ट कोनात पृष्ठभागावर आदळली की बाहेर न पडता पूर्णपणे आत परावर्तित होते. जगदीशचंद्रांनी अशा एका लोलकासमोर दुसरा लोलक ठेवला आणि दोघांमधील हवेची फट हळूहळू कमी करत नेली. फट पुरेशी अरुंद झाली की लहरीचा काही भाग ती ओलांडून पलीकडच्या लोलकात उतरतो, आणि किती उतरेल ते फटीच्या जाडीवर ठरते. प्रकाशाच्या लहरी इतक्या सूक्ष्म असतात की तेथे ही फट मोजणे दुरापास्त. या लहरींमुळे ती मिलिमीटरच्या पट्टीत आली. आज ज्या काचेच्या तंतूंतून दूरध्वनी आणि इंटरनेट घरोघरी पोहोचते, त्या तंतूंत प्रकाश पूर्ण परावर्तनामुळेच कोंडून राहतो. आणि एका तंतूतून दुसऱ्यात प्रकाशाचा ठरावीक वाटा काढून घ्यायचा असेल तर दोन्ही तंतूंचे गाभे इतके जवळ आणतात की लहर मधली फट ओलांडते. तत्त्व तेच आहे.

१८९९ साली रॉयल सोसायटीपुढे त्यांनी आणखी एक ग्राहक मांडला. लोखंड, पारा आणि पुन्हा लोखंड अशी त्याची रचना होती आणि सोबत दूरध्वनीचा कर्णा. हा टिचकीशिवाय आपोआप पूर्वस्थितीत येई. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडून आलेला संदेश न्यूफाउंडलंडला टिपला, तेव्हा त्यांच्याजवळ पाऱ्याचाच ग्राहक आणि कानाला दूरध्वनीचा कर्णा होता. तो इटालियन नौदलाचा म्हणून ओळखला गेला. त्याचे मूळ जगदीशचंद्रांच्या १८९९ च्या निबंधात आहे, असे प्रतिपादन १९९८ साली अमेरिकेतील आय.ई.ई.ई. या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात सविस्तर पुराव्यांसह करण्यात आले. यावरून रेडिओचा खरा जनक कोण, असा वाद आपल्याकडे मोठ्या आवेशाने घातला जातो. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. मार्कोनी यांना समुद्रापार संदेश पाठवायचा होता आणि त्यांनी त्यासाठी लांब लहरी, उंच मनोरे आणि भांडवल यांच्यामागे आपले आयुष्य लावले. जगदीशचंद्रांना लहरींचा स्वभाव जाणून घ्यायचा होता. त्यांचे मोठेपण मार्कोनींना लहान केल्याने वाढत नाही.

पेटंटविषयीची त्यांची भूमिका मात्र समजून घेण्याजोगी आहे. १९०१ च्या मे महिन्यात रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानाच्या थोडे आधी तारायंत्राच्या एका धनाढ्य कंपनीचा मालक त्यांच्याकडे आला. शोधाचा तपशील उघड करू नका, पेटंट घेऊ, भांडवल मी घालतो आणि नफ्यात वाटा देतो, असा त्याचा प्रस्ताव होता. जगदीशचंद्रांनी त्याला परत पाठवले आणि त्या देशातील पैशाच्या हव्यासाविषयी रवींद्रनाथ ठाकुरांना खिन्न मनाने पत्र लिहिले. एकदा या सापळ्यात पाय अडकला की सुटका नाही, असे त्यांना वाटत होते. तरीही सारा बुल या त्यांच्या अमेरिकन स्नेही महिलेने आग्रह धरून एका शोधाचा अर्ज अमेरिकेत दाखल करवला. गॅलेना नावाच्या शिशाच्या खनिजाचा स्फटिक आणि त्याला टेकलेले धातूचे टोक, असा तो ग्राहक. २९ मार्च १९०४ रोजी त्याला ७५५८४० क्रमांकाचे पेटंट मिळाले. अर्धवाहक पदार्थावर आधारित उपकरणाचे हे जगातील पहिले पेटंट मानले जाते. जगदीशचंद्रांनी त्यापासून काहीही मिळवले नाही.

या स्फटिकाचा आणखी एक गुण होता. तो विद्युतलहरींप्रमाणे साध्या प्रकाशालाही, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त आणि अतिनील किरणांनाही प्रतिसाद देई. जगदीशचंद्रांनी त्याला कृत्रिम नेत्रपटलाची उपमा दिली. काचतंतूच्या टोकाशी आलेला प्रकाश पुन्हा विजेत बदलणारे आजचे साधन हेही अर्धवाहकाचेच असते. अर्धवाहकांचे दोन प्रकार असतात, ही कल्पना जगदीशचंद्रांच्या निरीक्षणांत आधीच डोकावली होती आणि ते आपल्या काळाच्या निदान साठ वर्षे पुढे होते, असा अभिप्राय या विषयातील नोबेल विजेते नेव्हिल मॉट यांनी दिला.

इतके सारे हाती असताना त्यांनी हे क्षेत्र सोडले. कारण त्यांच्या उपकरणातच दडलेले होते. ग्राहकावर सतत लहरी सोडल्या की त्याची संवेदनक्षमता घटे, थोडी विश्रांती दिली की ती परत येई. धातूलाही थकवा येतो की काय, हा प्रश्न त्यांना छळू लागला. मग धातू, वनस्पती आणि प्राण्याचा स्नायू यांच्या प्रतिसादांचे आलेख त्यांनी शेजारी शेजारी मांडले. १९०० साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हे विचार त्यांनी मांडले. जून १९०१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मात्र शरीरशास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला. पदार्थविज्ञानाच्या माणसाने आपल्या विषयात राहावे, असा त्यांचा सूर होता, आणि निबंधाचे प्रकाशन थांबले. या कठीण वर्षांत भगिनी निवेदितांनी त्यांच्या ग्रंथांच्या लेखनाला आणि संपादनाला अपार साहाय्य केले. वनस्पतींची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ हा याच शोधयात्रेतला. त्यांच्या वनस्पतिविषयक निष्कर्षांपैकी सर्वच टिकले असे म्हणता येत नाही. परंतु वनस्पतींत विद्युतसंदेश वाहतात हे त्यांचे निरीक्षण पुढील संशोधकांनी पुन्हा हाती घेतले. १९१७ साली त्यांना सर ही पदवी मिळाली आणि १९२० साली त्याच रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले.

प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांच्या वर्गाला जागा पुरत नसे. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा हे त्यांचेच विद्यार्थी. १९१५ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी आपली आयुष्यभराची शिल्लक एका संस्थेत घातली. मुंबईच्या दात्यांनीही त्यासाठी हात सैल सोडला. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, पुन्हा वाढदिवशीच, कलकत्त्यात बसू विज्ञान मंदिर सुरू झाले. तेथील संशोधन सर्वांना खुले राहावे आणि त्यावर पेटंटचे कुलूप नसावे, असा त्यांचा दंडक होता. प्रवेशाशी हातात दीप घेऊन निघालेल्या स्त्रीचे शिल्प आहे. ते १९११ साली निवर्तलेल्या भगिनी निवेदितांच्या स्मरणार्थ.

ते बंगालीतही लिहीत. १८९६ साली, म्हणजे गंधकाची भिंगे घडवण्याच्या ऐन धामधुमीत, केसांच्या तेलाच्या एका व्यापाऱ्याने लावलेल्या कथास्पर्धेसाठी त्यांनी एक विज्ञानकथा लिहिली. समुद्रातले वादळ तेलाच्या बाटलीने शांत होते, अशी ती मिस्कील कथा बंगालीतील आरंभीच्या विज्ञानकथांत गणली जाते. पाठशाळेत शिकलेली भाषा त्यांनी सोडली नव्हती.

अबलाबाईंनी १९१९ साली नारी शिक्षा समितीची स्थापना केली. खेडोपाडी मुलींच्या शाळा काढल्या आणि विधवांना शिक्षिका होण्याचे शिक्षण दिले. ज्या मुलीला मेडिकल कॉलेजचे दार बंद होते, तिने इतर कितीतरी मुलींसाठी शाळेची दारे उघडली. जगदीशचंद्रांच्या चरित्रांत त्यांचा उल्लेख ओळीभरात आटोपतो, हे खटकते.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे जगदीशचंद्रांचे निधन झाले. एकोणऐंशीवा वाढदिवस आठवड्यावर आला होता. अबलाबाई पुढे १९५१ पर्यंत आपले काम पाहत राहिल्या. मिलिमीटर लहरींकडे जगाचे लक्ष जगदीशचंद्रांच्या प्रयोगांनंतर जवळजवळ अर्धशतकाने, युद्धकाळातील रडारच्या निमित्ताने वळले. आता मोटारींतील रडार, पाचव्या पिढीची भ्रमणध्वनी सेवा आणि रेडिओ दुर्बिणी याच पट्ट्यात काम करतात. साठ गिगाहर्ट्झवर चालणारी बिनतारी जोडणी घरगुती उपकरणांतही आली आहे. २०१२ साली आय.ई.ई.ई.ने प्रेसिडेन्सीतील १८९४ ते १८९६ मधील त्या प्रयोगांना अभियांत्रिकीच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा म्हणून अधिकृत मान्यता दिली. त्यांची मूळ उपकरणे कोलकात्याच्या बसू विज्ञान मंदिराच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत.